सडा तीन पंचायतींचा, आराखडा कुणाचाच नाही

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्याला उन्हाळ्यात पाणी मिळायचे ते एका झरीचे. कुळागराच्या वरच्या कोपऱ्यात जांभ्याच्या कपारीतून मनगटाएवढी धार निघायची आणि दगडी कुंडीत पडायची. कुंडीपासून पाट सुटायचा, तो आधी पोफळींना, मग केळींना आणि शेवटी खालच्या व्हाळाला. शिगमा सरला की विहिरींचे पाणी खाली जायचे, पण झर चालू असायची. कुंडीजवळ साबण न्यायचा नाही, असा आजीचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

गेली काही वर्षे एप्रिल लागला की ती धार करंगळीएवढी होते. मे महिन्यात दगड नुसता ओला दिसतो. झरीपाशी कुणी काही केलेले नाही, कुळागर होते तसेच आहे. जे झाले ते वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट जांभ्यावर. पलीकडच्या टोकाला घरांची वसाहत उभी राहिली, रस्त्यासाठी कडा कापला, आणि पावसात जिथे महिना-दोन महिने पाणी साठून राहायचे तो सखल भाग भराव टाकून सपाट केला. आम्ही चौघे हरकत घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले की ती जागा तुमच्या पंचायतीत येत नाही. उत्तर खरेच होते. सड्याची आमची बाजू एका पंचायतीत, मधला भाग दुसऱ्या, आणि भराव पडला ती जागा तिसऱ्या पंचायतीत. पाऊस मात्र तिन्ही हद्दींवर एकच पडतो, आणि जांभ्यात मुरलेले पाणी कुठल्या गावात बाहेर पडायचे ते पंचायतीचा ठराव बघून ठरत नाही.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते त्या उत्तरातून सुरू होते. गोव्यातला निसर्ग राखायचा असेल तर ज्या आकाराचा सडा, ज्या आकाराचे नदीखोरे, त्या आकाराचा आराखडा हवा. तो तिथल्या पंचायतींनी एकत्र बसून करावा आणि त्याला कायद्याचा आधार असावा. आज यांतले काहीच नाही.

सड्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सडा म्हणजे काय हेच अनेकांना माहीत नसते. कागदावर ती पड जमीन. फेब्रुवारीत वर गेलात तर काळपट जांभा, करपलेले गवत आणि ऊन. परका माणूस म्हणेल, इथे वाचवण्यासारखे आहे तरी काय? त्याच माणसाला श्रावणात वर न्यावे. बोटभर मातीच्या थरात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरलेले असतात. दगडाच्या खळग्यांत गेंदांची पांढरी बोंडे उभी राहतात. चिकट केसांनी किडे पकडून खाणारा दवबिंदू असतो. दीपकाडीच्या कुळातली एक जात तर गोव्याच्या सड्यांवरच सापडली आणि तिच्या शास्त्रीय नावात गोवा आहे. या सगळ्यांचे आयुष्य तीन-चार महिन्यांचे. ज्या खळग्यात ती वाढतात, त्याच खळग्यातले पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरते आणि पायथ्याच्या झरींना मिळते. फुलांचा खळगा बुजवला की झर मरते, एवढे ते सरळ आहे.

आणि हे सगळे अभयारण्याच्या बाहेर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातले साधारण ७५५ चौरस किलोमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा, म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर, खोतीगाव, बोंडला, चोडणचे पक्षी अभयारण्य आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान यांत मोडतो. हा हिस्सा जपला गेला हे आपले मोठे भाग्य. पण सडे, खाजने म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, कुळागरे, मिठागरे, देवाच्या राई, तिळारीपासून गालजीबागपर्यंतचे नदीकाठ हे बहुतेक सगळे उरलेल्या चार हिश्शांत आहे. तिथे वनखात्याचा पहारा नाही. तिथे भाटकार म्हणजे जमीनमालक आहे, कूळ आहे, गावची सामायिक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद आहे आणि १९१ ग्रामपंचायती आहेत. पाणमांजर खाजनाच्या पोंयीत, म्हणजे आतल्या खोलगट तळ्यात फिरते, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर उन्हाला पडते, गवा रात्री काजूच्या बागेतून उतरून भातात येतो. त्यांना कुणी सीमा दाखवलेली नाही.

वरून केलेल्या संरक्षणाचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९९ साली गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. तेव्हाचे राज्यपाल जनरल जेकब यांच्या काळात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. तो निर्णय झाला नसता तर ते डोंगर आज खाणींनी पोखरलेले असते, म्हणून मी त्याला मनापासून हात जोडतो. पण सत्तरी तालुक्यातल्या माणसाला अभयारण्य कळले ते नकाशावर रेघ मारून झाल्यावर. माझी काजू आत की बाहेर, माझ्या पोराला घर वाढवता येईल की नाही, हे प्रश्न पंचवीस वर्षांनंतरही अनेक वाड्यांवर तसेच लोंबकळत आहेत. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ विषाने मेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ हवा की माणूस, अशी भांडणे आमच्या भागातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर झाली. ज्याची म्हैस वाघाने मारली त्याला महिन्याच्या आत भरपाई मिळाली असती, आणि रेघ कुठे मारायची याला त्याच्या ग्रामसभेत आधी चर्चा झाली असती, तर त्या भांडणाचा रंग वेगळा असता असे मला ठामपणे वाटते.

आता जमिनीच्या नियोजनाकडे वळू. २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११ आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैय्या यांच्या कृतिदलाने २०२१ चा आराखडा केला. गावागावांत समित्या बसल्या, लोकांनी आपापले व्हाळ, तळी, राई, उतार नकाशावर दाखवले. जवळपास ८० टक्के गोवा त्यात कमी-अधिक संवेदनशील म्हणून रंगवला गेला. त्या वेळी मी स्वतः दोन संध्याकाळ पंचायतीच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरलेल्या सर्व्हे प्लॅनवर ओणवा होऊन काढल्या आहेत. एका म्हाताऱ्या कुळाने बोट ठेवून दाखवलेली पाण्याची वाट कुठल्याही शासकीय नकाशात नव्हती. तो आराखडा २०१२ मध्ये स्थगित झाला, २०१८ मध्ये पुन्हा लागू झाला, आणि मग त्याला एकेक भोक पडू लागले. नगरनियोजन कायद्यात १६ ब आले, १७ (२) आले, ३९ अ आले, सगळी झोन बदलू देणारी कलमे. कलम १७ (२) खाली ‘चुकांची दुरुस्ती’ या नावाने लाखो चौरस मीटर बागायती आणि नैसर्गिक आच्छादनाची जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या जमिनीत गेली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले.

न्यायालयाने थांबवले, बरे झाले. पण रोग तिथे संपत नाही. झोनबदल होतो तो एका सर्व्हे क्रमांकाचा. अर्ज एका प्लॉटचा, फाईल एका प्लॉटची, पाहणी एका प्लॉटची. प्रत्येक फाईलमध्ये प्लॉट लहानच दिसतो, त्याने काय बिघडणार असे वाटते. वीस फाईली मिळून सडा संपतो, आणि वीस फाईलींपैकी एकीतही ‘सडा’ हा शब्द नसतो. मोपाचा विमानतळ प्रकल्प तर प्लॉट नव्हता, अख्खा सडा होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी थोपवली ती भोवतालच्या १५ किलोमीटरमधल्या संवेदनशील जागांची माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती म्हणून. पुढच्या वर्षी अटी घालून मार्ग मोकळा झाला आणि २०२३ च्या आरंभी तिथून विमाने उडू लागली. मोपा ज्या पेडणे तालुक्यात आहे तिथल्या पंचायतींनी मिळून आपल्या सड्यांचा, झरींचा, तळ्यांचा नकाशा आधीच करून ठेवला असता, तर अर्जात काय लिहायचे आणि काय गाळायचे हे अर्जदाराच्या हाती राहिले नसते.

अशी नोंद ठेवायची तरतूद नाही असे कुणी म्हणू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सक्तीची केली. वर्षानुवर्षे कुणी हलले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने सांगितले की जानेवारी २०२० अखेर हे पूर्ण करा, नाहीतर राज्याला दरमहा १० लाख रुपये दंड. देशभर एकच धावपळ झाली. काही समित्यांनी मनापासून काम केले, रात्री बेडूक मोजले, वैदूंना भेटल्या. बऱ्याच ठिकाणी घाईत यादी झाली. आमच्याकडची नोंदवही मी पाहिली आहे. छान बांधणीची, पंचायतीच्या लोखंडी कपाटात, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. तिच्यात आंबा, फणस, माट, कावळा सगळे आहे. झर कुठल्या सर्व्हे क्रमांकात आहे, ते नाही.

चतुर्थीला गणपतीवर रानफळांची माटोळी बांधताना आमच्या घरात याहून चांगली नोंद होते. कवंडळ कुठल्या कुंपणावर, माट्टीची फळे कुठल्या उतारावर, नागलकुडो कुठे, कांगले कुठे, बांधायला केवणीचे दोर कुठून आणायचे, हे काकाला तोंडपाठ आहे. गेल्या चार-पाच वर्षांत त्याला काही जिन्नस बाजारातून आणावे लागतात. कुठल्या वर्षी काय मिळेनासे झाले आणि त्या जागी काय आले, हे तो घराचे, कुंपणाचे नाव घेऊन सांगतो. ते ज्ञान नकाशावर उतरले तर ती खरी नोंदवही.

आणि नकाशा झाला तरी तो एका गावाचा असून भागत नाही, हे खाजनाइतके स्वच्छ दुसरे काही शिकवत नाही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन. समुद्राचे पाणी खाडीतून आत येते, त्याला मातीच्या बांधाने थोपवले आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याने उघडमीट होणारी दारे बसवली. भरतीला बाहेरचे पाणी दारांवर रेटते आणि ती मिटतात. ओहोटीला आतले पाणी ढकलते आणि ती उघडतात. आत कोरगुट भात पिकते, पोंयीत मासळी आणि सुंगटे वाढतात. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी करायची, अशी जुनी रीत. निसर्ग, शेती आणि हिशेब एका दारात अडकवलेले. आता होते काय? शेत पडीक, मासळीला भाव. मानस हवी तेव्हा उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले जाते. कुठेतरी बांधाला खांड पडते, दुरुस्त करायला कुणी जात नाही. खांड एका गावात, मीठ चढते तीन गावांच्या शेतात. काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते, मग ती तोडता येत नाही आणि शेत कायमचे जाते. खारफुटी मला प्रिय आहे. पण कुठे खारफुटी राहू द्यायची आणि कुठे बांध पुन्हा बांधून भात लावायचे, हा निर्णय आज कुणीच घेत नाही, तो खांडीवर सोडलेला आहे. २०११ च्या किनारी अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे नकाशे करा, तिथे बांधकाम नको, असे स्पष्ट लिहिले होते. तिच्याखालचा किनारी व्यवस्थापन आराखडा मंजूर व्हायला २०२२ उजाडले. अकरा वर्षांत किती खाजने भरली गेली ते कुठल्याही पुलावरून दिसते.

बाहेरचे एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीच्या पश्चिम भागात घरबांधणीचा असाच रेटा होता. प्रत्येक वसाहतीच्या वेळी दुर्मीळ प्राण्यावरून स्वतंत्र भांडण, स्वतंत्र परवाना, आणि हाती लागायचा रानाचा एखादा तुटका तुकडा. अखेर काउंटी आणि तिच्यातली शहरे एकत्र आली, एकच अधिवास संवर्धन आराखडा केला आणि २००४ पासून तो लागू झाला. १४६ प्रजाती आणि पाच लाख एकर राखीव जागा, म्हणजे निम्म्याहून जास्त गोव्याएवढी. त्यातली सुमारे साडेतीन लाख एकर आधीच सार्वजनिक होती. उरलेली दीड लाख एकर हळूहळू मिळवायची, आणि त्यासाठी प्रत्येक नव्या घरामागे शुल्क. कुठे बांधायचे नाही ते ठरले, तसे कुठे बांधायचे तेही ठरले. सगळे सुरळीत झाले असे नव्हे. जमीन मिळवण्याचे काम मागे पडले, शुल्क अपुरे पडले, पुढे ते वाढवावे लागले. तिथली जमीन वेगळी, मालकी वेगळी, आपल्यासारखी कुळे आणि कोमुनिदादी तिथे नाहीत. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की शेजारच्या गावसंस्था कायद्याने एका नकाशाला बांधील होऊ शकतात.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागेल असेही नाही. संविधानाच्या २४३ झेडडी कलमात जिल्हा नियोजन समितीला सांगितले आहे की पंचायती आणि पालिकांचे आराखडे एकत्र करताना जमिनीचे नियोजन, पाण्याची आणि नैसर्गिक संपत्तीची वाटणी आणि पर्यावरण रक्षण हे दोघांच्या सामायिक हिताचे विषय ध्यानात घ्या. तीस वर्षांहून जुनी ही ओळ आहे. नगरनियोजन कायदा १९७४ चा, तो या ओळीआधीचा, आणि त्याचा आराखडा आजही वरून खाली येतो. ही दोन टोके जोडायची आहेत. एका सड्याभोवतीच्या किंवा एका उपनदीच्या खोऱ्यातल्या पंचायतींची संयुक्त समिती व्हावी. जैवविविधता समित्यांनी झरी, खळगे, राई, बांध, मानशी, जनावरांच्या वाटा सर्व्हे क्रमांकासह नोंदवाव्यात. तो नकाशा प्रत्येक ग्रामसभेने मंजूर करावा, आणि मंजूर झाला की प्रादेशिक आराखड्याचा भाग व्हावा. त्यानंतर एका जागेचा झोन बदलायचा तर खोऱ्यातल्या सगळ्या ग्रामसभांची संमती लागावी.

यावर पहिली हरकत मला रोज ऐकू येते: पंचायतीच विकल्या जातात, त्यांच्या हाती हे देणार? हरकत खरी आहे. डोंगर कापायला ना हरकत दाखला देणारे हात गावातलेच असतात, हे आमच्या शेजारी घडले आहे. पण म्हणूनच मी एका पंचायतीच्या हाती काही द्या असे म्हणत नाही. एका गावातले पाच पंच वळवणे सोपे असते. पाच गावांच्या ग्रामसभा वळवणे, तेही ज्यांची झर आटणार आहे त्यांच्यासमोर, फार अवघड.

दुसरी हरकत गोमंतकीय माणसाच्या घराची. ती तर मला सगळ्यात जवळची. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या मुलाने लग्नानंतर कुठे राहायचे? म्हणून या नकाशावर पहिला रंग भरावा तो गावठाणाच्या वाढीचा, गावातल्या कुटुंबांची मोजणी करून. आज झोन बदलतो तो सड्यावरच्या आणि उतारावरच्या शेकडो फ्लॅटांसाठी, आणि त्यात मुंडकाराचा मुलगा राहायला जात नाही.

पैशाचे म्हणाल तर २००९ पासून पायाभूत सुविधा कर आहे, बांधकामाच्या क्षेत्रफळावर बिल्डर तो भरतो. त्यातला ठरावीक वाटा त्याच खोऱ्याला परत यावा. ज्याने सड्यावरचा पाण्याचा खळगा न बुजवता ठेवला, त्याला दरवर्षी मोबदला मिळावा. बांध आणि मानशीची दुरुस्ती पावसाआधी व्हावी. गव्याने भात खाल्ले तर पंचनामा आणि पैसे त्याच मोसमात मिळावेत. राखण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून फायदा सगळ्यांनी घ्यायचा, हे मला अन्याय्य वाटते.

लहान जागा जपून भागत नाही हे सांगायला सुर्लची पुर्वतली राय पुरे. ती जैवविविधता वारसा स्थळ झाली, आम्हा डिचोलीकरांना अभिमान वाटला. पण राईभोवती खाणपट्टा आहे, आणि राईला लागणारे पाणी राईच्या हद्दीत पडत नाही. २०२२ मध्ये कुडचड्यातल्या नंदा तळ्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर स्थळाचा मान मिळाला. अवघे ४२ हेक्टर. तळ्याकडे येणारे पाणी ज्या जमिनीवरून येते तिचे काय होणार, ते आज एकेका प्लॉटच्या फाईलीत ठरते.

आम्ही चौघांनी गेल्या पावसात आपल्यापुरती सुरुवात केली. तिन्ही गावांच्या एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यांवरून सड्यावरचे सर्व्हे क्रमांक एका मोठ्या कागदावर उतरवले. जुलैपासून दर रविवारी वर जाऊन पाणी साठणारे खळगे त्यावर निळ्या पेन्सिलने काढले. पायथ्याच्या झरी मोजल्या: आमच्या बाजूला सहा, मधल्या गावात पाच, आणि त्यांतल्या चार आता उन्हाळ्यात चालत नाहीत. दोन पंचायतींच्या पुढच्या ग्रामसभेत हा कागद ठेवण्याचे नक्की झाले आहे. तिसऱ्या गावातल्या झरी दाखवणारा माणूस अजून मिळालेला नाही. तिथल्या एका देवळाच्या पुजाऱ्याने तळीमागची वाट दाखवतो असे सांगितले आहे, म्हणून येत्या रविवारी तिकडे जायचे आहे.